बहिऱ्या माशीचं नाव

हर्षदने आमटीच्या पातेल्याशेजारी काचेची एक बारीक नळी ठेवली आणि म्हणाला, "ओळख पाहू."

जेवणाच्या टेबलावर माश्या आणायच्या नाहीत, हा आमच्या घरातला नियम. तो आजवर मीच मोडत आले होते, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. मी हात पुसला, नळी उजेडाकडे धरली आणि पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं. तिळाहून लहान, करड्या रंगाची, पंखांवर दोन फिकट पट्टे, मिश्यांवर लांब केस. डासाची चुलत बहीण म्हणावी अशी.

"ही तर माझीच," मी म्हणाले. "भेडलेन्सिस. कुणी आणली? घळीतून काडीसुद्धा उचलायला बंदी आहे ना?"

"घळीतली नाहीच ती. आमच्या तळघरातली आहे." पहिला पगार घेऊन आला होता तेव्हा दिसला होता, तसा दिसत होता तो. "केतकी, ही आम्ही केलीय."

मी नळी पुन्हा उजेडाकडे धरली. माझा नवरा 'पुनर्जीव' नावाच्या कंपनीत शास्त्रज्ञ आहे. सजीवांची जनुकं वाचायची आणि त्या वाचनावरून तो सजीव प्रयोगशाळेत पुन्हा उभा करायचा, हा त्यांचा धंदा. पण आजवर त्यांची मजल बुरशीपर्यंतच गेली होती. चालती, उडती, अंडी घालणारी माशी कुणीच केलेली नव्हती. आणि त्यांनी करायला घेतली ती नेमकी हीच.

कोल्हापूरहून कोकणात उतरताना घाटमाथ्यावर भेडलेघळ लागते. बारमाही पाणी, दाट झाडी, झाडांच्या ढोल्यांत साठलेलं काळं पाणी आणि त्यात वाढणाऱ्या अळ्या. तिथे मला ही माशी सापडली. हिची मादी बेडकाचं रक्त पिते आणि बेडूक शोधते तो कानाने. झुडपात नर बेडूक मादीला साद घालतो, ती साद ऐकून ही त्याच्या नाकाशी जाऊन बसते. कान म्हणजे तरी काय, मिशीच्या मुळाशी एक वाटीसारखं पेर. हवेतल्या आवाजाने मिशी थरथरते आणि वाटीतल्या पेशींना कळतं. मी तिचं वर्णन लिहिलं, तिला नाव दिलं, आणि त्या नावामुळे घळ वाचली.

कशी वाचली ते सांगते, कारण पुढचा सगळा संताप त्यातूनच आहे. प्रजाती-जतन कायद्याचं पहिलं कलम असं, की एखादी प्रजाती जगात एकाच जागी सापडत असेल तर ती जागा गोठते. तिथे झाड तोडायचं नाही, कुदळ मारायची नाही, यंत्र सुरू करायचं नाही, असलेलं हलवायचं नाही. चांगलं कलम होतं. मग मोठमोठ्या प्रकल्पवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि दुसरं कलम आलं. त्या प्रजातीची जनुकं वाचून ती दुसरीकडे जिवंत करून दाखवली आणि मूळ वर्णन करणाऱ्याने 'हीच ती' अशी सही दिली, की प्रजाती वाचली असं समजायचं आणि जागा मोकळी. भेडलेघळीत धरण बांधायचं होतं. दिवसा सूर्याच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडून वीज करायची. अख्खी घळ पाण्याखाली जाणार होती. मध्ये आडवी होती फक्त ही तिळाएवढी माशी.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"आणि मला आज सांगतोयस? भात कालवताना?"

"गुप्ततेचा करार होता, केतकी. आणि तुला आनंद होईल असं वाटलं होतं. तुझी माशी आहे. जगातली पहिली."

त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच जास्त चीड आणणारं होतं. मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन आपटलं.

* * *

राजाध्यक्ष म्हणजे 'पुनर्जीव'चे प्रमुख. माणूस इतका गोड बोलतो, की ऐकणाऱ्याने आपला खिसा चाचपून बघावा. त्यांनी मला गवती चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि सहीसाठी टॅब माझ्यासमोर सरकवला. हर्षद त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसला होता.

"मॅडम, शंभरपैकी शंभर," राजाध्यक्ष म्हणाले. "तुमच्या वर्णनातला एकेक मुद्दा यंत्राने ताडून पाहिलाय. पंखांच्या शिरा, पायांवरचे काटे, नराचं जननांग. केसाचाही फरक नाही."

"आणि मी सही केली नाही तर?"

"तर कारण द्या. तुमचा हक्कच आहे. फक्त ते कारण तुमच्या छापलेल्या वर्णनातलं हवं. मागाहून नवे मुद्दे काढायला लागलो तर कुठलंच काम पुढे जायचं नाही. सरकारी समितीच्या पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत वेळ आहे."

मी हर्षदकडे पाहिलं. तो बिस्किटाकडे बघत होता.

आमच्या धंद्याची एक रीत आहे, ती इथे सांगितली पाहिजे. नव्या माशीचं वर्णन म्हणजे मेलेल्या माशीचं वर्णन. मारायची, टाचणीवर लावायची, पोट अल्कलीत उकळून आतली जननांगं मोकळी करायची, चित्र काढायचं, केस मोजायचे. एका नमुन्यावर 'प्रमाण' अशी चिठ्ठी लावायची आणि तो कपाटात ठेवायचा. ती माशी काय ऐकते, कुणाच्या अंगावर बसते, कशावर जगते, हे वर्णनात घालायचं नाही. घातलं तर संपादक 'किस्से' म्हणून कापतात. बेडकाच्या सादेचा परिच्छेद मी लिहिला होता आणि पाठवण्याआधी स्वतःच काढला होता, कारण सगळेच काढतात. दोनशे वर्षं आम्ही मढ्यांची वर्णनं लिहीत आलो. मग कुणी हुबेहूब मढं करून आणलं तर आम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

"परीक्षेसाठी जिवंत माश्या द्या," मी म्हणाले. "वर्णन करणाऱ्याला त्या मागता येतात."

"अगदी अवश्य," राजाध्यक्ष म्हणाले.

* * *

घाटमाथ्यावर सुगंधा गावडे पाहुण्यांना खोल्या देते. मी घळीत काम करत होते तेव्हा तिच्याचकडे राहत असे. यावेळी तिने चहा विचारला नाही. दारातच उभी राहिली.

"नाव दिलंस तेव्हा म्हणालंस, आता घळीक कोण हात लावूचो नाय," ती म्हणाली. "मगे काल मोजणीवाले कशाक इल्ले?"

"त्यांनी ती माशी दुसरीकडे तयार केलीय, सुगंधाबाई. म्हणून म्हणतात घळीची गरज नाही."

"माशी केली? बरी केली. आणि बेडूक? आणि पाणी? खाली आमच्या पोफळींक जाता ता पाणी खंय नेतले, तळघरात?"

ती बरोबर होती आणि मी तिच्या दारात पिंजरा घेऊन उभी होते.

"आणि तुजो घोव खंयच्या बाजून आसा?" तिने माझ्या नवऱ्याचं विचारलं.

"त्यांच्या."

"मगे तुका त्याच्याबरोबर जेवण जाता कसा?" असं म्हणून ती आत गेली. पण जाताना तिने मागच्या अंगणातला दिवा मालवला, कारण मला तिथे अंधार लागतो हे तिला माहीत होतं.

दिवस मावळला तशी कारवीच्या झुडपांतून बेडकांनी सुरुवात केली. मी जाळीची दोन लांब नळकांडी टांगली. एकेकाचं एक टोक झुडपाकडे, दुसरं घराकडे. एकात त्याच संध्याकाळी परीक्षेच्या परवान्यावर ढोल्यांवरून पकडलेल्या घळीतल्या माद्या सोडल्या, दुसऱ्यात तळघरातल्या. दोन्हींकडच्या उपाशी होत्या. थोड्या वेळाने लाल बत्तीत पाहिलं तर घळीतल्या सगळ्या बेडकाच्या टोकाला जाळीवर चिकटून बसल्या होत्या, जणू बाजाराच्या दिवशी एसटीच्या दाराशी झालेली गर्दी. तळघरातल्या मात्र सगळ्या नळकांड्यात विखरून निवांत बसल्या होत्या. मी नळकांडं हलवलं. उडाल्या, पुन्हा कुठेही बसल्या. टोकं उलटी केली. तेच. बेडूक हातभर अंतरावर घसा फोडत होता आणि यांना त्याचा पत्ताच नव्हता.

शंभरपैकी शंभर म्हणे! त्या बहिऱ्या होत्या.

* * *

घरी पोचल्यावर मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"त्या बहिऱ्या आहेत, हर्षद."

तो लॅपटॉपवर काहीतरी वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "ऐकणं वर्णनात नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लॅपटॉप खाडकन मिटला. त्याची बोटं त्यात सापडता सापडता राहिली.

"मला कायदा शिकवू नकोस. त्यांच्यात काय घातलंयस ते सांग."

"ओरडू नकोस. सांगतो." त्याने दीर्घ श्वास घेतला. तो समजावायला लागला की मला पूर्वी फार आवडायचा. "जनुकं वाचताना काही भाग वाचता येत नाहीत. तीच तीच अक्षरं इतक्यांदा येतात, की यंत्राचा गोंधळ उडतो. म्हणून वाचनात भोकं राहतात. शाळेत 'रिकाम्या जागा भरा' असायचं ना? तसंच. भरल्याशिवाय माशी जगत नाही. म्हणून भरल्या."

"कशाने?"

"डासाने. घरातल्या साध्या डासाचे तयार तुकडे मिळतात. बऱ्याच ठिकाणी बसले. एकदोन ठिकाणी थोडे सैल बसले असतील."

"पुढच्या पिढीतही ते तसेच उतरतात?"

"अर्थात! चौदावी पिढी चालू आहे. एकीतही फरक नाही," तो अभिमानाने म्हणाला. "दहा वर्षं घातली मी या तंत्रात, केतकी. तू एकदाही म्हणाली नाहीस की छान केलंस."

ते खरं होतं. आणि त्यावेळी मला ते म्हणायचंही नव्हतं. मी माझ्या खोलीत गेले, दार लावलं आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा पेटवला.

मिशीच्या मुळाशी असलेली वाटी कुणी कापून बघत नाही. बाहेरून ती सगळ्यांची सारखीच दिसते. मी दोन्हींकडच्या कापल्या. घळीतल्या माशीची वाटी पेशींनी ठासून भरलेली, डाळिंबासारखी. तळघरातलीची निम्म्याहून जास्त रिकामी. माद्यांची तशीच, नरांचीही तशीच. हे कुठल्याही डासाचं नव्हतं आणि माझ्या माशीचंही नव्हतं. सैल बसलेल्या तुकड्यांनी तिसरंच काहीतरी घडवलं होतं. या माश्यांचे नर मादीच्या पंखांचा आवाज ऐकून तिला गाठतात. बहिऱ्या नराला मोकळ्या हवेत मादी सापडायची नाही. पिंजऱ्यात जोड्या जमतात त्या केवळ दाटीमुळे. म्हणजे या दोघींचा संकर जंगलात होणार नाही, रचना वेगळी, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या उतरते. प्रजाती वेगळी आहे म्हणायला आम्हाला आणखी काय लागतं?

इतकं डोक्यात आल्यावर मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. तळघरात बनवलेल्या जिवाला शास्त्रीय नाव देता येतं. ती सोय कंपन्यांनीच कायद्यात करून घेतली होती, मालकी सांगता यावी म्हणून. नाव मात्र कुणीही द्यावं. जो आधी छापेल त्याचं.

मी लिहायला बसले. सकाळी हर्षद दारातून डोकावला. "काय लिहितेस?"

"वर्णन."

"नवी माशी?" त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "अभिनंदन."

मी थँक्यू म्हणाले आणि लिहीत राहिले.

* * *

बैठकीच्या आधी माझा लेख छापून आला. प्रमाण नमुना, मादी. सापडल्याचं ठिकाण, पुनर्जीव कंपनीचं तळघर क्रमांक दोन. अन्यत्र आढळ नाही. या वेळी रीत गेली खड्ड्यात. ऐकण्याचा परिच्छेद मी पहिला घातला आणि संपादकाला कळवलं, की एक ओळ कापलीत तर लेख परत घेईन. नाव ठेवलं, हर्षदी.

बैठक फार चालली नाही. समितीचा निर्णय असा: कंपनीने भेडलेन्सिस केलेलीच नाही, दुसरीच प्रजाती केली आहे. सबब दुसरं कलम लागू नाही, घळ गोठलेलीच राहील. आणि नवी प्रजाती जगात एकाच जागी सापडते, तेव्हा पहिल्या कलमानुसार ते तळघरही गोठलं. तिथलं काही हलवायचं नाही, कुठलं यंत्र सुरू करायचं नाही. माश्या बनवणारं त्यांचं एकुलतं एक यंत्र त्याच तळघरात होतं.

राजाध्यक्षांच्या आवाजातला गवती चहा पार आटला होता. "हा पोरखेळ आहे!" ते फोनवर ओरडले.

"कायदा आहे, साहेब. तुमच्याच वकिलांनी लिहिलेला."

"ठीक आहे. मग तुम्हीही नीट वाचा. हात लावू नका असं लिहिलंय. खायला घाला असं कुठे लिहिलंय? त्यांच्यासाठी येणारं रक्त आजपासून बंद. रक्त नाही तर अंडी नाहीत. पिंजरा रिकामा झाला की तळघर मोकळं, आणि मग आम्ही नीट ऐकणारी माशी करू. तेव्हा सही घेऊच तुमची."

मी फोन फेकायचा बाकी ठेवला. त्या बहिऱ्या माश्या जिवंत होत्या तोवरच घळ जिवंत होती, आणि त्यांना मारायला कुणाला बोटही उचलावं लागणार नव्हतं.

हर्षद त्या संध्याकाळी घरी आला तो दारातच थांबला.

"नाव मागे घे."

"घेता येत नाही. एकदा छापलं की देणाऱ्यालाही नाही."

"लोक हसतायत मला. बहिरी माशी, आणि तिला माझं नाव. बायकोने दिलेलं. कुणाचं तरी दुसऱ्याचं द्यायचंस."

"केली कुणी? दुसऱ्याने?"

"एवढा शत्रू आहे मी तुझा?"

"त्या खुर्चीवर बसला होतास तेव्हा होतास," मी म्हणाले. "मान खाली घालून बिस्किटं बघत होतास. एक शब्द बोलला नाहीस. हो, होतास."

त्याने बॅग भरली आणि गेला. मी अडवलं नाही. दोन दिवस घरात भांडी आपटत फिरले आणि तिसऱ्या दिवशी तळघरात गेले. वर्णन करणाऱ्याला गोठलेल्या जागेची पाहणी करता येते. पिंजरा रिकामा होताना तरी मी समोर असणार होते, आणि त्याची तक्रार मी मंत्रालयापर्यंत नेणार होते.

तळघरात एकच दिवा चालू होता. यंत्रावर सील. मधोमध जाळीचा मोठा पिंजरा, आणि त्याच्याशेजारी स्टुलावर हर्षद. दाढी वाढलेली, शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळलेली. पिंजऱ्याला हात घालण्यासाठी दोन्ही बाजूंना कापडी बाह्या असतात. त्यातल्या एकीतून त्याचा उजवा हात आत गेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत माश्या बसल्या होत्या, रक्ताने फुगून लाल झालेल्या. बेडूक ऐकू येत नव्हता, पण माणसाचं रक्त डासाच्या त्या तुकड्यांना बरोबर कळत होतं.

मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"राजाध्यक्षांनी काय सांगितलंय तुला?" मी विचारलं.

"पिंजरा रिकामा होऊ दे, म्हणाले. मग पुन्हा सुरुवात करायची. पगार दुप्पट."

"मग?"

"मग काय?" तो एकदम भडकला. त्याला इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "मी यांना उपाशी मारू? चौदा पिढ्या वाढवल्यात मी. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत या. तूच लिहिलंयस ना? तुझ्या घळीसाठी करत नाहीये मी हे, कळलं?"

"मी विचारलं नाही."

"नाही विचारलंस. तू काहीच विचारत नाहीस."

त्याने हात हळूच बाहेर काढला. कातडी दिसतच नव्हती, नुसत्या गाठी आणि पुरळ. डावा हात मांडीवर होता, तोही तसाच सुजलेला. त्याची बोटं नीट मिटत नव्हती. पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात अजून कितीतरी माद्या रिकाम्या पोटी बसल्या होत्या.

मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि बाही वर केली.

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे." त्याने दातांनी दुसऱ्या कापडी बाहीची दोरी सोडली. "आत घाल. हलवू नकोस."